अप्पांच्या नावाची माणसं

गंगापूर रोडवर हाडांच्या एका दवाखान्याची पाटी आहे. त्या बाजूला गेले की मी गाडी कडेला घेते आणि मिनिटभर थांबते. हाडं माझी ठणठणीत आहेत. पाटीवर माझ्या वडिलांचं नाव आणि आडनाव आहे, एवढंच कारण. त्यापुढे डिग्र्यांची लांबलचक शेपटी आहे, ती काही आमच्या अप्पांची नव्हे. मी तेवढी सोडून वाचते.

नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्याच गल्लीत त्या नावाचा कोणी निघेल आणि पुढचं सगळं वाचताना तुम्हाला तोच दिसेल. मला ते नको आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या नाशकात त्या नावाची तीन माणसं चांगलीच गाजत होती. एक हे डॉक्टर. दुसरे सिन्नरकडचे कीर्तनकार, त्यांच्या काल्याच्या कीर्तनाला माणसं ट्रॅक्टर भरभरून जायची. तिसरे नगरसेवक, ते निवडून आले की आमच्या घरासमोरूनच गुलाल जायचा. आणि चौथे, कुठेही न गाजलेले, आमचे अप्पा. ते ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पत्र्यावर रिव्हेट मारायचे. सकाळी आडगाव नाक्यावरून कारखान्याची बस पकडायचे आणि संध्याकाळी दोन्ही कानांत दडे घेऊन परत यायचे.

घरी फोन बसला आणि ही चारही माणसं टेलिफोन डिरेक्टरीत एकाखाली एक छापून आली. आमचा पत्ता आडगाव नाक्याचा, 'आ'पासून सुरू होणारा, म्हणून आम्ही सगळ्यांत वर. झालं. ज्याला डॉक्टर हवा तो आधी आमच्याकडे, ज्याला कीर्तन ठरवायचं तो आधी आमच्याकडे, आणि ज्याच्या नळाला पाणी नाही तो तर कडकडून भांडायलाच आमच्याकडे.

दुसऱ्या कोणी 'राँग नंबर' म्हणून रिसीव्हर आपटला असता. अप्पांनी तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिघांचे नंबर ठळक अक्षरात लिहून फोनच्या वर खिळ्याला टांगले. डॉक्टरांच्या नावापुढे दवाखान्याची वेळ, गुरुवारी बंद हेसुद्धा. वणीकडून एकदा एका माणसाचा फोन आला. तो म्हणाला, "डागदर हायेत का? म्हातारी पडली, पाय लय सुजलाय." अप्पांनी आधी म्हातारीचं वय विचारलं, पाय हलवू नका म्हणून सांगितलं, सीबीएस स्टँडला उतरून रिक्षावाल्याला काय सांगायचं ते सांगितलं, आणि मग नंबर. नंबर ते नेहमी दोनदा सांगायचे, एकदा ऐकायला आणि एकदा लिहून घ्यायला. कानांत दडे असल्यामुळे ते फोनवर मोठ्याने बोलायचे, त्यामुळे ही सगळी समाजसेवा शेजाऱ्यांनाही ऐकू जायची.

आईला हे अजिबात मान्य नव्हतं. पेपरात त्या तिघांपैकी कोणाचं नाव आलं की अप्पा ते वाचून दाखवायचे, आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा." अप्पा हसायचे. नाव राखणारे राखतायत, आपण निदान त्यांच्या वाटेत येऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या स्वतःसाठी फोन का येत नाही, असं त्यांना कधी वाटलं का, हे मी विचारलं नाही. तेव्हा विचारण्याएवढी अक्कल मला नव्हती आणि आता विचारायला ते नाहीत.

आपल्याकडे मुलीच्या नावाच्या मधोमध बापाचं नाव बसतं. हजेरीला, गुणपत्रिकेवर, बसच्या पासवर, सगळीकडे तिच्यासोबत बाप असतोच. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राच्या मॅडमनी हजेरी घेताना माझं पूर्ण नाव वाचलं आणि मान वर करून विचारलं, "डॉक्टरांची का गं तू?" सगळा वर्ग वळून बघायला लागला. माझ्या मागच्या बाकावर वकिलाची मुलगी होती, पुढे बंगलेवाल्यांची. मी मान हलवली, होकारार्थी. मला वाटलं, एका क्षणाचं काम आहे, कोण लक्षात ठेवतंय.

मॅडमनी लक्षात ठेवलं. प्रॅक्टिकलला त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या, पुस्तकं द्यायच्या, बाबांना नमस्कार सांग म्हणायच्या. मी नमस्कार घेऊन यायचे आणि आडगाव नाक्याच्या अलीकडेच कुठेतरी टाकून द्यायचे. अप्पांच्या डब्याची पिशवी, त्यांचा कारखान्याचा निळा डांगरी पोशाख दोरीवर वाळत घातलेला, हे सगळं बघून मला लाज वाटायची. हे लिहायला आजही नको वाटतं, पण खरं आहे ते खरं आहे.

आणि मग तो फोन आला. संध्याकाळची वेळ होती, अप्पा नुकतेच हातपाय धुऊन बसले होते. मी त्याच खोलीत जर्नल लिहीत होते. अप्पांनी रिसीव्हर उचलला आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, डॉक्टर इथे नसतात, त्यांचा नंबर देतो. मग ते थांबले. पलीकडून कोणीतरी बरंच बोलत होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं.

"हो, आहे ना मुलगी. हुशार आहे," ते म्हणाले. मग पुन्हा ऐकत राहिले. माझ्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं होतं. मॅडमच्या आईचा गुडघा दुखत होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी डिरेक्टरी उघडली होती आणि सगळ्यात वरचा नंबर फिरवला होता, सगळे फिरवायचे तसाच.

"साहेब या वेळी दवाखान्यात असतात, मॅडम. नंबर घ्या लिहून." त्यांनी नंबर दोनदा सांगितला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आपण कोण बोलताय, हेच असणार. अप्पांनी आवाज जरा खाली घेतला, जो ते कधी घेत नसत.

"मी घरातलाच माणूस," ते म्हणाले.

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून माझे वडील स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच फोनवर, डॉक्टरांच्या घरचे गडी झाले. रिसीव्हर ठेवून ते मला म्हणाले, तुझ्या मॅडमचा फोन होता, चांगल्या आहेत बाई. त्यानंतर त्यांनी हा विषय कधीही काढला नाही, आईजवळसुद्धा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडले असते, माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. उद्या बोलू, परवा बोलू, असं करता करता मी शिकून नोकरीला लागले.

पुढे माझं लग्न झालं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या नावाच्या मधली जागा नवऱ्याच्या नावाने घेतली. रेशनकार्ड, बँक, पॅनकार्ड, एकेका ठिकाणाहून अप्पा उठत गेले. मुलींनी आता तक्रार करावी असं काही त्यात नव्हतं, सगळ्यांचंच तसं होतं. पण पहिल्यांदा नव्या नावाने सही केली तेव्हा मला वाटलं, माझी लाज फिटली खरी, पण ती अशी फिटायला नको होती. मला ते नाव मधोमध परत हवं होतं. अजूनही हवं आहे.

तोवर घरोघरी मोबाइल आले. डिरेक्टरी येईनाशी झाली आणि अप्पांना येणारे दुसऱ्यांचे फोनही आटले. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी फोनजवळच्या खुर्चीत बसायचे. फोन काढून टाकू, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, अडल्यानडल्याला लागतो.

ते गेले तेव्हा आम्ही पेपरात निधनवार्ता दिली. नाव, वय, पश्चात पत्नी आणि एक मुलगी, खाली घरचा फोन नंबर. त्या सकाळी फोन वाजायला लागला आणि थांबेना. डॉक्टर गेले का? महाराज गेले का? मी सांगायचे, नाही, ते बरे आहेत, हे ओझरच्या कारखान्यात होते ते. पलीकडून आधी "बरं झालं बाई" असं यायचं आणि मग घाईघाईने "वाईट झालं". मला एकेकाचा संताप येत होता. पण अप्पांचं कॅलेंडर समोरच होतं, त्यामुळे कोणावर रिसीव्हर आपटता येईना.

दुपारी एका वयस्कर बाईंचा आवाज आला. डॉक्टर गेल्याचं वाचलं, माझ्या आईला त्यांनीच पुन्हा चालतं केलं होतं, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, ती आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मीच बोलतेय, मॅडम. डॉक्टर बरे आहेत. मी त्यांची मुलगी नाही. तुम्ही एकदा इथे फोन केला होतात, तेव्हा 'मी घरातलाच माणूस' म्हणाले होते ना, ते माझे वडील. ते गेले."

मॅडम हळूच म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव सांग बरं एकदा."

मी सांगितलं. आधी माझं, मध्ये अप्पांचं, मग माहेरचं आडनाव. कागदोपत्री ते नाव आता माझं राहिलं नव्हतं. तरी तेच सांगितलं, आणि अप्पा सांगायचे तसं, ऐकणाऱ्याला लिहून घेता यावं म्हणून, दोनदा सांगितलं.