तळातला स्वेटर

दौंडच्या आमच्या रेडिमेडच्या दुकानात आवडलेला कपडा लपवून ठेवण्यात जुलेखाचाचींचा हात धरणारं कुणी नव्हतं. डिसेंबरात यायच्या, चाचांसाठी स्वेटर निवडायच्या आणि मी बघत नाही असं समजून तो लहान मुलांच्या स्वेटरांच्या ढिगात तळाशी सारायच्या. संक्रांतीनंतर सेल लागला की पहिल्या दिवशी शटर वर जायच्या आत हजर! बाकीच्या बायका ढिगांवर तुटून पडायच्या, एकमेकींच्या हातातलं ओढायच्या. चाची शांतपणे तळात हात घालून आपला स्वेटर काढायच्या.

शेल्फ लावायचं काम माझं, त्यामुळं मला सगळं ठाऊक होतं. मालकांनी ढीग आवरायला सांगितला की मी चाचींचा स्वेटर उचलून पुन्हा तळाशीच ठेवायचे. भारी लबाड बाई! पण माझा फार जीव होता त्यांच्यावर.

"सेल लागंस्तोवर थंडी सरती, चाची. मग चाचांनी घालायचा कवा?" मी चिडवायचे.

"पुढच्या थंडीला. थंडी काय पळून जाती व्हय?"

रेल्वेतून रिटायर झालेले चाचा दाराशी उभे राहून हसायचे. "आमच्या घरात थंडी कायम एक वर्ष लेट," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात चाचींनी असाच एक मरून स्वेटर लपवला. आठवड्यानं पुन्हा आल्या, एकट्याच. थेट ढिगाशी गेल्या, स्वेटर काढला आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवला.

"चाची, सेलला अजून महिना हाय," मी हळूच म्हटलं.

"ठावं हाय. डॉक्टर म्हनले, आता घरीच ऱ्हाऊ द्या. त्यांना सेलपत्तोर थांबायला जमायचं न्हाई, पोरी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी छापील किमतीला कपडा घेतला. कमी करा म्हणाल्या नाहीत. माझ्याच्यानं बिल फाडवेना. चाचांनी तो स्वेटर जेमतेम नऊ दिवस घातला.

सेल लागला तेव्हा गर्दी नेहमीसारखीच उसळली. शटर वर जाताना मी मात्र वेड्यासारखी चाचींना शोधत होते.

गेल्या डिसेंबरात त्या नातीला फ्रॉक घ्यायला आल्या. जाता जाता पुरुषांच्या शेल्फपाशी थांबल्या. एक करडा स्वेटर उलटसुलट करून पाहिला, आणि सवयीनं मुलांच्या ढिगात तळाशी सारला. हात तिथंच राहिला.

"कुनासाठी ठेवतीया गं मी?"

मला रडू आवरेना. शेवटी त्यांनीच स्वेटर बाहेर काढून माझ्या हातात दिला.

"न्हावऱ्याला तुझे आबा हायेत ना? त्यांना घे. आन् सेलची वाट नको बघू."

त्याच संध्याकाळी मी स्वेटर घेऊन न्हावऱ्याच्या एसटीत बसले. आबांनी तो अंगात घातला, बाह्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "एवढ्यात सेल लागला व्हय गं?"

मी नाही म्हटलं, आणि त्यांची बटणं लावत बसले.