आखूड दोर

पहाडातल्या पोस्टिंगचा हुकूम आला तेव्हा मी घोड्यांच्या युनिटमध्ये नाईक होतो. सोळा जनावरं, दोन दिवसांचा रेल्वेप्रवास. एकमेकांना चावू नयेत म्हणून मी सगळ्यांची डोकी वर करून आखूड दोरानं बांधली. दाणापाणी तोंडापाशी धरलं. एकालाही ओरखडा आला नाही, म्हणून मिशीला पीळ देत उतरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला राणी नावाची घोडी खोकू लागली. ताप एकशे चार. नाकातून घाण वासाचा शेंबूड. मेजरसाहेब जनावरांचे डॉक्टर. त्यांनी तिची छाती तपासली.

"दोर कधी सोडले?"

"इथं पोहोचल्यावर, सर."

"घोडा मान खाली घालून छाती साफ करतो, नाईक. तू दोन दिवस तिला मानच खाली घालू दिली नाहीस."

दहाव्या दिवशी राणी गेली. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं वाटलं असतं.

आता मी हवालदार म्हणून रिटायर होऊन शिवाजी पेठेत राहतो. गेल्या महिन्यात शेजारच्या बापूनं वरातीसाठी लांबून ट्रकनं पांढरा घोडा आणला. डोकं वर बांधलेलं, खोकत होता. माझं टाळकंच फिरलं.

"सोड आधी त्याला!"

"दमलंय ओ हवालदार. परवा वरात हाय."

"वरातीतच मरंल की! डॉक्टरांना बोलीव."

बापूचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. इंजेक्शनं सुरू झाली, वरात रद्द झाली. गवत भिजवून जमिनीवरच टाकायचं, म्हणजे धूळ नाही आणि मान खाली. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, मी ताप बघत होतो. जेवताना कान त्या खोकल्याकडे.

"घोड्यापाशीच ताट आणू का?" बायको म्हणाली.

दहावा दिवस मला काढवेना. गोठ्यापासून रस्त्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

अकराव्या दिवशी सकाळी ताप उतरलेला होता. घोड्यानं मान पार जमिनीपर्यंत नेली, फुरफुरला आणि माझे पॉलिश केलेले बूट शेंबडानं भरवले. बापू फडकं घेऊन धावला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

राणीच्या खुरावर नंबर डागलेला होता. माझा स्वतःचा आर्मी नंबर सांगताना मी हल्ली अडखळतो, तिचा नाही. उभ्या उभ्या तो तोंडातून निघून गेला.

"कुणाचा नंबर ओ?" बापूनं विचारलं.

"माझ्या हातनं गेली, तिचा."