खुर्चीचे उरलेले आठ मानकरी

माझ्या पाचवीच्या वर्गात आलेली ती शिकाऊ टीचर खडू असा नाचवायची, की फळ्यापेक्षा तिच्या साडीवरच जास्त लिहिलं जायचं! रोज एक मूल तिच्या खुर्चीत बसे आणि ती बाकावर बसून त्याची विद्यार्थिनी होई. पोरं तिला मनसोक्त दटावत.

मग तिच्या कॉलेजने तिला अचानक आठ-दहा दिवस आधीच परत बोलावलं. आठ मुलं खुर्चीवाचून राहिली. शेवटच्या दिवशी तर तिचा गुणांचा पाठ. परीक्षक मॅडम मागे वही उघडून बसलेल्या.

“गुण गेले तर जाऊ देत, सर,” ती माझ्या कानात पुटपुटली. पाठाचं टाचण मिटून ती सरळ बाकावर जाऊन बसली.

एकेक करून सात मुलं खुर्चीत बसून गेली. शेवटचा, आठवा नंबर होता आमोणे गावच्या एका चिमुरडीचा. खुर्चीत बसताच तिने टेबलावर पट्टी आपटली.

“उठ गो! उद्यापासून तू शाळेक येवची नाय. कित्याक?”

टीचर हाताची घडी घालून उभी राहिली. “कॉलेजान बोलावलां, टीचर.”

“घरची चिठी हाडली?” पोरीने चिठी घ्यायला हात पुढे केला.

“नाय.”

“मगे सुट्टी नाय. बस खाली!”

ती बसली. घंटा झाली, परीक्षक मॅडमही उठल्या, पण ती काही उठेना.