पेन्सिलीतली भाषा

जगातल्या भाषांपैकी एक छत्तीसगढातल्या आमच्या कोहका वस्तीतल्या गल्लीत जन्मली आणि ती घडताना मी पाहिली, हे मी कुणालाही छाती फुगवून सांगतो. घडवली शेजारच्या काकांनी. मूळ भंडाऱ्याकडचे, उभी हयात पोलाद कारखान्यात क्रेन चालवण्यात गेलेली. घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, कामावर हिंदी, मग चौथी कशाला, असं विचारलं की म्हणत, "ह्या साऱ्या आयत्या भेटल्या. एक तं आपल्या हातची पाहिजे का नाही?"

व्याकरणही क्रेनवाल्याचंच. क्रियापद सगळ्यांत आधी. "हूकखाली मानूस उभा असन, तं आधी 'थांब' म्हनशीन का त्याचं नाव घेत बसशीन?" अनेकवचनाचा 'मो' शब्दाच्या आधी, कारण ओझं किती हे उचलण्याआधी कळलं पाहिजे. 'तिबा' म्हणजे थांब. 'तिबार' म्हणजे थांबवणारा, अर्थात ब्रेक. 'मोतिबार' म्हणजे पुष्कळ ब्रेक. अशी तीन जाड रजिस्टरं भरली होती, सगळी पेन्सिलीने. दुसऱ्या कुणाच्या तोंडून शब्द आपसूक निघाला, तरच तो पक्का आणि तरच त्यावर शाई, हा त्यांचा नियम. तीस वर्षांत शाईचं एक अक्षर नव्हतं. "मी गेलो का हे सारं पेन्सिलीतच राहीन," ते एकदा हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी दहा वाक्यं घोकून त्यांच्यापुढे म्हटली, तर त्यांनी माझ्या चुका सुधारल्या आणि मला नापास केलं. "तू तं पाठ करून आला!" आतून काकू ओरडल्या, "लोकायले कावून तरास देऊन राहिले?"

गेल्या हिवाळ्यात काकांचा चष्मा आणायला आम्ही तिघं सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. बोलण्याच्या नादात काका रस्त्यात उतरले आणि बाजूने भरधाव ऑटो आला. मला काही सुचायच्या आत काकू किंचाळल्या, "तिबा!"

काका जागच्या जागी थांबले. ऑटो बाहीला घासून गेला. काकूंनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, आणि काका हसत होते. "तुले कसं आलं?"

"तीस वर्सं घरात बडबडून राहिले. मले काय कान नाहीत?"

घरी येताच काकांनी माझं पेन मागून घेतलं, 'तिबा'वर शाई फिरवली आणि पुढे काकूंचं नाव लिहिलं. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला.

शाईचा शब्द अजून तो एकच आहे. पण काका आता कुणाच्या मागे लागत नाहीत. संध्याकाळी फिरायला निघाले की फाटकापाशी उगाच रेंगाळतात, आणि आतून हाक येते, "तिबा, मफलर राहिला."