पाहुण्याला देश केलं त्याची गोष्ट

स्वतःच्या फजितीचं भाषांतर स्वतःलाच करावं लागलेला माणूस बघायचाय? तो तुमच्यासमोर बसलाय. चहा घ्या, सांगतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी शिरूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. युगांडाहून पुण्याला शेतीचं शिक्षण घ्यायला आलेला इसिंगोमा नावाचा तरुण आमच्या भागातली शेती बघायला येणार होता. शाळेनं सत्कार ठरवला आणि त्याला एसटीनं घेऊन यायचं काम माझ्यावर आलं.

वाटेत मी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही न्योरो लोक ना? पुस्तकात वाचलंय."

"इंग्रज तसं म्हणतात," तो शांतपणे म्हणाला. "आमच्यात एक माणूस मुन्योरो, पुष्कळ माणसं बन्योरो, भाषा रुन्योरो आणि आमचं राज्य बुन्योरो."

मला कळवळाच आला. ज्यांनी आमच्या खडकीचं किर्की केलं, त्यांनीच याचंही नाव छाटलं होतं. म्हटलं, "आज सगळी नावं तुमचीच वापरीन." शिरूर येईपर्यंत घोकत होतो.

व्यासपीठावर उभा राहिलो आणि चारी शब्दांचा काला झाला. "आपले पाहुणे बुन्योरो आहेत," मी ठणकावून सांगितलं.

अध्यक्ष होते मांडवगण फराट्याचे आप्पा, मोठे बागायतदार. त्यांनी हळूच विचारलं, "बुन्योरो म्हंजी काय वो, मास्तर?"

"राज्य आहे, आप्पा. मोठं."

"मंग ह्ये राजंच की. आमीबी संस्थानिकाला संस्थानाच्याच नावानं बोलावतो."

मी तोंड उघडेपर्यंत आप्पांनी सत्काराचा फेटा स्वतःच्या हातानं पाहुण्याला बांधला, आपली खुर्ची त्याला दिली. लोक रांगेनं येऊन मुजरा करू लागले.

"सर, हे काय चाललंय?" इसिंगोमानं विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "आमचे राजे हयात आहेत. मी त्यांच्या नावानं मुजरे घेतले हे तिकडं कळलं, तर वडिलांना काय तोंड दाखवू?"

मग तोच बोलायला उठला. बोलणार तो इंग्रजीत, आणि त्याचं मराठी करणार मी.

"मी राजा नाही, विद्यार्थी आहे," मी सांगू लागलो. "सरांनी मला माणसाऐवजी देश म्हटलं. तुमच्या हेडमास्तरांना शिरूरकर म्हणायच्या जागी कुणी नुसतं शिरूर म्हणावं, तसं. तुम्ही शब्दाच्या शेवटी 'कर' जोडता, आम्ही सुरुवातीला 'मु'. चूक सरांची आहे." हे शेवटचं वाक्य गाळावं असं फार वाटलं, पण हेडमास्तरांना इंग्रजी येत होतं.

आप्पांनी हात जोडले. "माफी करा, पाव्हनं. पर फेटा ऱ्हाऊ द्या. त्यो राजाचा न्हाई, पाव्हन्याचा हाय."

संध्याकाळी एसटी स्टँडवर मीही माफी मागितली. इसिंगोमा म्हणाला, "पुण्यात मला सगळे नुसतं आफ्रिकावाला म्हणतात. तुम्ही चुकलात, पण माझ्या भाषेत चुकलात."

माझा जीव भांड्यात पडला. निरोप तरी मानानं द्यावा, एकाला अहोजाहो करताना आपण अनेकवचनच वापरतो, म्हणून मी कंडक्टरला म्हणालो, "या बन्योरोंना खिडकीपाशी जागा द्या."

कंडक्टरनं माझ्या मागं डोकावून पाहिलं. "किती जन हायेत?"

माझ्या मराठीतला 'बन्योरो' हा एकच शब्द इसिंगोमाला कळला होता. "सर," तो म्हणाला, "मी एकटाच आहे."