सुनेच्या नावे बोडी

गेल्या साली मला असा ताप चढला, की खाटेतले ढेकूण रांगेनं घर सोडून गेले. थोरला मुलगा वारल्यावरही आमच्याकडेच राहिलेली सून बावीस दिवस माझ्या उशाशी होती. गावात मी दोनशे सांगतो, आणि तेही मला कमीच वाटतात. माझ्या मृत्युपत्रात मात्र सगळं धाकट्याच्या नावे होतं, तिला वीतभर जमीन नव्हती.

बरा होताच चंद्रपूरला वकिलाकडे गेलो. मासळीची बोडी, म्हणजे आमचं लहानसं तळं, आणि त्याखालची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, तिला देणारा मृत्युपत्राचा पुरवणी कागद तयार झाला. पण एक साक्षीदार आलाच नाही. माझी पिशवी धरून सोबत आलेल्या सुनेला कशाचाच पत्ता नव्हता. ती म्हणाली, "मामाजी, मी करून देते ना सही."

वकील हसले. "बाई, तुमालेच मिळून राह्यलं, तुमीच साक्ष नका देऊ. उद्या कोणी बोट दाखवन."

तिनं कागद दोनदा वाचला. मग खालच्या चहावाल्याला सहीसाठी बोलावून आणलं आणि मला म्हणाली, "मले बोडी इतक्यात नाई पाह्यजे. दुपारची गोळी घ्या आधी."

त्या दिवशी तिनं मूठभर दिल्या असत्या, तरी मी मुकाट्यानं गिळल्या असत्या.