गारेचे पदर
फ्रीजरमधला बर्फ खरवडताना एक तुकडा फरशीवर टणकन पडला आणि मला आत्याच्या घरची वलगावची ती दुपार आठवली. तिचा गहू सोंगणीला आला होता आणि मी अमरावतीहून केवळ ढग पाहायला तिच्याकडे गेलो होतो. वीज, वादळ-वावधन असं काही येणार म्हटलं की मला घरात राहवतच नसे. आभाळ हिरवट काळं झालं, वारा एकदम पडला आणि टिनांवर गारा तडतडू लागल्या. गारा थांबाव्या म्हणून आत्यानं रीतीप्रमाणे चुलीवरचा तवा अंगणात फेकला. मी मात्र डोक्यावर पातेलं धरून बाहेर धावलो आणि आवळ्याएवढी एक गार उचलून आणली. "माहा गहू झोपून राह्यला अन् तुले गारीचं कौतिक!" ती कडाडली, पण मागितल्यावर अडकित्ता दिला. मी गार मधोमध कापली, तर आत एक कडं पांढरं, एक काचेसारखं. आत्या वाकली. "कांद्यावानी पदर हायेत की रे हिले!" मी सांगितलं, ढगातला वारा गारेला पुन्हा पुन्हा वर उचलतो आणि प्रत्येक खेपेला नवा पदर चढतो. गार वितळून माझ्या तळहातावरून गळेपर्यंत ती बघत राहिली, मग म्हणाली, "इतक्या खेपा उचलली, तं अजून एक खेप उचलून वावराच्या पल्याड काहून नाही नेली?" आता फोनवर रडारची चित्रं येतात, एखादा लालभडक ढग वलगावकडे सरकताना दिसला की मी चित्र मोठं करून बघत बसतो आणि मनात म्हणतो, अजून एक खेप, फक्त एक.